चतुर्थी विभक्ती

आकडे आईला छान यायचे.
त्रेचाळीस पन्नास. पिशवी हवी? धन्यवाद, पुन्हा या.
टेप्लित्सेतल्या आमच्या दुकानात
रात्री दहापर्यंत एवढ्या भांडवलावर
तिचं चेक झकास चालायचं.
गल्ल्यापलीकडे मात्र तिची जीभ
परक्या घरात आल्यासारखी
चपला कुठे काढायच्या ते शोधत उभी राहायची.

एकाच 'मा'ला सहा सुरांत वळवून
भूत, घोडा, भाताचं रोप
वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणारी माझी व्हिएतनामी आई
एका अक्षरापाशी अडली.
र म्हणायला सुरुवात करायची
आणि तो संपायच्या आत झ म्हणायचा,
दोन्ही एकदम, जिभेचं टोक थरथरत ठेवून.
इथल्या पोरांनाही ते सहज येत नाही,
त्यासाठी ती उच्चारांच्या बाईंकडे जातात.
आई बेचाळिसाव्या वर्षी
बिअरचे क्रेट उतरवताना म्हणायची: र्झ. र्झ.
बाटल्या तिच्यापेक्षा बरं म्हणायच्या.

मी सातवीत. शाळेत लेंका, घरी झिएप.
पालकसभेची चिठ्ठी आली तेव्हा म्हटलं,
येते दुभाषी म्हणून, नेहमीसारखी.
"ये. पण या वेळी मी बोलणार."
तिनं एकच वाक्य मागितलं.
मी पावतीच्या मागे लिहून दिलं:
मी मुलीसाठी आले आहे.

सोपं वाटतं. पण त्या भाषेत
'आले'मध्येच ते अक्षर आहे.
आणि मुलगी नुसती मुलगी असते तोवर ठीक,
तिच्यासाठी काही करायला गेलं,
चतुर्थी लागली,
की तिच्याही शेवटी ते येऊन बसतं.
प्र्झिश्ला सेम क्वूली त्सेर्झी.
आठ दिवस. भांडी घासताना,
सिगारेटची पाकिटं लावताना,
झोपेत एकदा.
रोज रम न्यायला येणारे वाव्हरा आजोबा
काउंटरला टेकून शिकवायला लागले,
पण कवळी घरी विसरलेली असायची,
त्यामुळे त्यांचंही ते अक्षर
हवेतच विरायचं.

गुरुवारी तिनं दुकान लवकर बंद केलं.
लिपस्टिक लावली, पुसली, परत लावली.
क्र्झीजोव्हा बाईंसमोर
(आडनावातही ते होतंच,
म्हणून आई त्यांना नुसतं 'बाई' म्हणाली)
उभी राहिली, आणि बोलली.
इतकं स्वच्छ की माझ्या अंगावर काटा आला.
बाईंचा चेहरा खुलला.
"वा, किती छान बोलता!" म्हणाल्या,
आणि भाषा येणाऱ्याशी बोलावं तशा
बोलू लागल्या, पोटवाक्यांसकट,
श्वास न घेता, सहा मिनिटं.
आई मान हलवत होती.
हो. हो. नक्कीच. अर्थात.
एक वाक्य बरोबर आल्याची ही शिक्षा:
पुढचं कुणी सावकाश बोलत नाही.

मला सगळं कळत होतं.
गणिताच्या पेपरात मी क्लाराचं बघून लिहिते.
ओपिसुये. बघून लिहिते.
दोनदा सांगून झालंय. तिसऱ्यांदा
मुख्याध्यापकांकडे.
"हो," आई म्हणाली. "अर्थात."
आणि बाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

ट्रॉलीबसमध्ये तिनं विचारलं, काय म्हणाल्या?
म्हणाल्या, मी मोठ्यानं वाचत जायला हवं.
आणि तू किती छान बोलतेस.
दुसरं तरी खरं होतं.
आई काचेवरची वाफ पुसून
बाहेर बघत राहिली.

रात्री गल्ला मोजताना
पन्नासच्या नाण्यांचा मनोरा
बोटानं सरळ करत ती म्हणाली,
"ओपिसुये.
यात ते अक्षर नाही ना?"

नाही, मी म्हणाले.

"म्हणूनच ऐकू आला,"
आई म्हणाली,
आणि विसांचा मनोरा रचायला घेतला.